धूळ नको म्हणून आरेत गेला: एका सायकलवाल्याच्या ॲलर्जीचं प्रकरण

शिंकला तो आणि पडलो मी. ऑक्टोबर 2023 मधला रविवार, पहाटे सहाच्या आसपास, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर विक्रोळीचा फ्लायओव्हर उतरत होतो, स्पीड तीसच्या वर, मेहुणा पुढे आणि मी त्याच्या मागच्या चाकाला दीड फुटावर चिकटून. एक शिंक आली, दुसरी आली, तिसरीला त्याचा हात आपोआप ब्रेकवर गेला आणि माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं. कोपर सोललं, गुडघा सोलला, जर्सी फाटली, बाकी काही नाही, मागून ट्रक येत नव्हता हे नशीब. तो थांबून सॉरी म्हणायला वळला तर त्याला सॉरीसुद्धा म्हणता येईना, अजून शिंकतच होता. मी रस्त्याच्या कडेला बसून मोजल्या, एकूण अकरा.

त्या दिवशी ठरवलं की ह्याची सर्दी हा आता घरगुती विषय राहिला नाही, ह्याचा छडा लावायचा. पुढे साधारण वर्षभर जे झालं ते सगळं लिहितोय, त्याला विचारून, फक्त नाव नको म्हणाला.

माणूस कोण

वय 42, भांडुप पश्चिमेला राहतो, बँकेत नोकरी, विडी-तंबाखू काही नाही. 2019 पासून सायकल, आठवड्याला चार दिवस मिळून दीडशे किलोमीटर. लहानपणी दमा नव्हता. पण सासूबाई, म्हणजे त्याची आई, एक वाक्य नेहमी बोलायच्या, "ह्याचं असंच आहे, पाऊस गेला की ह्याचं नाक सुरू होतं." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर निदान दहा वेळा म्हटलं असेल आणि आम्ही दोघांनी दहाही वेळा हो हो म्हणून सोडून दिलं. पुढे डॉक्टरांनी अर्धा तास प्रश्न विचारून जे काढलं ते हेच होतं.

2022 च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा त्याने त्रास होतो असं म्हटलं. म्हणजे नेमकं काय, तर राइड झाल्यावर ऑफिसात दुपारी नाक चोंदतं, डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज येते, रात्री कोरडा खोकला. तीन-चार आठवडे चाललं आणि थंडी पडली तसं गेलं. (मुंबईत थंडी म्हणजे काय ते आपल्याला माहितीये, पण तरी.) मग विसरला.

आणि एक गंमत, सायकलवर बसल्यावर त्याचं नाक उलट मोकळं व्हायचं. त्यामुळे त्याचं ठाम मत होतं की सायकलचा काही संबंध नाही, ऑफिसचा एसी कारण आहे. हे मत अगदी चुकीचं होतं, पण मूर्खपणाचं नव्हतं. जोरात व्यायाम करताना शरीर नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, सूज उतरते, वाट मोकळी होते, आणि व्यायाम थांबला की थोड्या वेळाने परत भरतं. शिवाय ॲलर्जीचा दुसरा झटका उशिरा येतो. पहिला काही मिनिटांत, हिस्टामीनचा (ॲलर्जीत शरीर सोडतं ते रसायन), शिंका आणि पाणी. दुसरा चार ते आठ तासांनी, तो सुजेचा, चोंदण्याचा. सकाळी सहाला नाकात गेलेल्या गोष्टीचं बिल दुपारी दोनला ऑफिसात येत होतं आणि हा बिचारा एसीचं तापमान वाढवून घेत होता, बाजूचे लोक वैतागले होते ते वेगळंच.

पहिला आसरा: मास्क

2023 चा ऑक्टोबर आठवून बघा. पाऊस गेला आणि मुंबईची हवा बिघडली, रोज बातम्यांत एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा आकडा), टॉवरसमोरचा टॉवर दिसेना. महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, भोवती उंच पत्रे लावा, पाणी मारा, डेब्रिजच्या गाड्या झाकून न्या. त्यामुळे आम्ही दोघंही धरून चाललो की हायवेची धूळ हेच कारण. पडल्यानंतरच्या आठवड्यात त्याने एन95 मास्क लावून राइड सुरू केल्या.

मास्कचं गणित कागदावर चांगलं आहे. एन95 हा 0.3 मायक्रॉनच्या कणांवर तपासतात आणि त्यातले 95 टक्के अडवतो, गवताचा परागकण साधारण 20 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे तो तर सहज अडायला हवा. पण हे गणित खुर्चीत बसलेल्या माणसाचं आहे. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, चढावर जोर लावणारा सायकलवाला ऐंशी लिटर आणि त्याहून जास्त घेऊ शकतो, आणि एवढी हवा नाकातून येतच नाही, तोंड उघडावं लागतं, म्हणजे नाकातल्या केसांची आणि ओलाव्याची जी गाळणी देवाने दिलीये ती बायपास. मुंबईच्या दमट हवेत मास्क वीस मिनिटांत घामाने भिजतो, भिजला की श्वास ओढायला जड जातो, मग माणूस काय करतो, चढावर मास्क हनुवटीखाली ओढतो. म्हणजे ज्या क्षणी सगळ्यात जास्त हवा आत जाते नेमका त्याच क्षणी मास्क खाली. मी स्वतः बघितलंय, प्रत्येक फ्लायओव्हरला हेच. आणि डोळे तर उघडेच.

शिंका थोड्या कमी झाल्या, पण दम जास्त लागायला लागला. हा म्हणाला, दाजी, स्टॅमिना गेला माझा.

दुसरा आसरा: हिरवळ

मग त्याला आरेची कल्पना सुचली. खरं सांगायचं तर मीच सुचवली. हायवेला ट्रक, डंपर, कांजूरच्या डम्पिंगचा वास, सकाळी रस्त्याच्या कडेची माती झाडणारे, त्यापेक्षा पवईवरून आरेत शिरायचं, पिकनिक पॉइंटकडून गोरेगावच्या बाजूला जायचं आणि परत, झाडं, सावली, गाड्या कमी. कुणीही हेच सुचवलं असतं. हिरवं दिसलं की आपण हवा चांगली असं धरतो, आणि धुराच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही असेल.

पण आरे म्हणजे नुसतं जंगल नाही ना. ही 1949 साली म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यायला वसवलेली दुग्ध वसाहत, तबेले अजून आहेत, आणि तबेले म्हणजे चारा, आणि चारा म्हणजे गवत. पावसाळा संपता संपता तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे गवत उभं राहतं ते सायकलच्या हँडलपेक्षा उंच. ऑक्टोबरात त्याला तुरे येतात. एकदा मी थांबून एक तुरा तोडला आणि काळ्या आर्मस्लीव्हवर आपटला, पिवळट पावडर पडली, पिठाच्या गिरणीत बाहीवर बसते तशी. तेव्हा मला ते बघायला छान वाटलं. मेहुणा पाच फुटांवर उभा होता, त्याला काय वाटलं असेल.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला आधी माहीत नव्हती. भपकेदार रंगाची, वासाची फुलं ॲलर्जीच्या बाबतीत बहुतेक वेळा निर्दोष असतात, कारण त्यांचा पराग जड, चिकट, तो वाहायला किडे-पाखरं लागतात. ज्यांना फूल आहे हेही आपल्याला कळत नाही ती गवतं सगळा कारभार वाऱ्यावर सोडतात. तो वारा मग आपल्या नाकातूनही जातो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दिवाळीच्या आसपास सप्तपर्णीचं झाड तोडा म्हणून भांडण होतं, वास उग्र आहे, कुणाचं डोकं चढतं, कुणाला त्या वासाने शिंका येतात, ते मी नाकारत नाही. पण त्या झाडाच्या बुंध्याशी जे गवत माजलेलं असतं त्याबद्दल कुणी अक्षर काढत नाही.

आणि गाजर गवत, ज्याला गावाकडे काँग्रेस गवत म्हणतात. ते खरं गवत नाहीच, सूर्यफुलाच्या कुळातलं तण आहे, भारतात त्याची पहिली नोंद 1950 च्या दशकात आपल्या पुण्यातली. मुंबईत रेल्वेच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, बांधकाम रखडलेल्या पत्र्यांच्या आत, कुठेही. कातडीलाही त्रास देतं आणि नाकालाही.

तर आरेत त्याने दोन आठवडे सहा राइड केल्या. हायवेवर जे दुपारी व्हायचं ते आता अर्ध्या तासात व्हायला लागलं. डोळे सुजून लाल. नवरात्र चालू होतं, आणि त्याच्या आधी घटस्थापनेसाठी सासूबाईंनी घर माळ्यापासून झाडून काढलं होतं, ती धूळ वेगळी. दसऱ्याला घरी जेवायला गेलो तर हा माणूस श्रीखंडाचा वास येत नाही म्हणून रडकुंडीला आलेला.

मधल्या काळातले उद्योग

केमिस्टकडून त्याने दोन गोष्टी घेतल्या. एक, सर्दीची जुनी गोळी, झोप आणणारी. ती घेऊन सकाळी सायकल चालवली आणि ऐरोली जंक्शनच्या आधी डोळा लागल्यासारखं झालं, पांढऱ्या पट्टीवरचे रिफ्लेक्टर चाकाखाली आले तेव्हा दचकून जागा झाला. हे त्याने मला महिन्याने सांगितलं, बहिणीला म्हणजे माझ्या बायकोला अजून सांगितलेलं नाही, आता वाचेल. दोन, नाकात टाकायचे थेंब, जे टाकले की दोन मिनिटांत नाक खाडकन उघडतं. तो प्रकार फार गोड असतो. तीन ते पाच दिवसांच्या वर वापरायचा नसतो, नाहीतर थेंबाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग अजून थेंब, मग अजून. ह्याने तीन आठवडे वापरले. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या नाकात दोन आजार होते, एक गवताने दिलेला आणि एक बाटलीने.

सासूबाईंचे उपाय समांतर चालू होते, वाफ, ओव्याची पुरचुंडी, सुंठ. वाफेने बरं वाटायचं. जलनेतीचंही त्यांनीच सुचवलं आणि ते पुढे डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलं, फक्त एक अट घातली, नळाचं पाणी थेट नाकात नाही, उकळून गार केलेलंच घ्यायचं, कारण न उकळलेल्या पाण्यातून नाकावाटे अमीबाचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, दुर्मिळ आहे पण आहे. सासूबाईंची मान तेव्हापासून ताठ आहे.

तिसरा आसरा: घर

नोव्हेंबरात बाहेर जाणंच बंद केलं आणि सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरातच जागच्या जागी पेडल मारता येतात त्या स्टँडवर, चढवली. आतल्या छोट्या खोलीत. आता ह्या खोलीचं वर्णन करतो. टॉप फ्लोअर, पश्चिमेची भिंत, पावसाळ्यात ओल येते ती नोव्हेंबरपर्यंत सुकत नाही, कोपऱ्यात रंग फुगलेला आणि त्यावर काळे ठिपके. भिंतीला टेकून जुनी कापसाची गादी गुंडाळून उभी, पाहुणे आले तर लागते म्हणून. कपाटावर गोधड्यांचं गाठोडं. खिडकी बंद कारण बाहेर कबुतरं. समोर टेबल फॅन फुल स्पीडवर, कारण ट्रेनरवर वारा लागत नाही आणि घामाची धार लागते. तर हा माणूस रोज पाऊण तास त्या फॅनसमोर तोंड उघडं टाकून मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा ओढत होता, आणि फॅनच्या मागे गादी.

रात्रीचा खोकला वाढला. छातीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला. वहिनीने (त्याची बायको, मी वहिनीच म्हणतो) रात्री अडीचला तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला. पुढे डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग ह्या अठरा सेकंदांचा झाला.

वही

डॉक्टरकडे जायच्या आधी तीन आठवडे मी त्याला वही लिहायला लावली. माझी नोकरी मेंटेनन्सची, मशीन बंद पडलं की आधी लॉगबुक बघायचं ही सवय. बँकेची जुनी डायरी, रोज एक ओळ: किती वाजता, कुठे, किती वेळ, मग शिंका, नाक, डोळे, छाती ह्यांना शून्य ते तीन मार्क, आणि हे मार्क चार वेळा, उठल्यावर, राइड झाल्यावर, दुपारी, रात्री. ऑक्टोबरच्या राइड स्ट्रावावर (राइड नोंदवणारं ॲप) होत्याच, त्या मागून भरल्या, वहिनीच्या आठवणीवर.

वहीतून तीन गोष्टी निघाल्या ज्या आमच्या डोक्यात नव्हत्या. आरेचे दिवस वाईट, पण त्यातही सकाळी पावणेसातच्या आत घरी परतला ते दिवस बरे आणि आठनंतरचे भयंकर. ह्याला कारण आहे, बरीच गवतं सकाळी ऊन लागून दव सुकायला लागलं की पराग सोडतात. दुसरी, सायकल न चालवलेल्या दिवशीसुद्धा उठल्या उठल्या शिंकांना तीन पैकी तीन मार्क. म्हणजे अंथरुणात काहीतरी आहे. तिसरी, छातीचा त्रास राइड चालू असताना नाही तर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी. लिफ्टमध्ये खोकला येतो, असं त्याने लिहिलं होतं. लिफ्टचा काय दोष.

तपासणी

कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी आधी ते थेंब बंद करायला लावले, तो आठवडा त्याच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यातला सगळ्यात वाईट आठवडा. मग छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे ॲलर्जीची स्किन प्रिक टेस्ट, हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या अर्काचे थेंब आणि प्रत्येकावर सुईने हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांनी गांधी किती मिलिमीटरची आली ते मोजतात, तीन किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह.

पहिल्या वेळी टेस्ट फुकट गेली. ॲलर्जीच्या गोळ्या टेस्टच्या आधी आठवडाभर बंद ठेवायच्या असतात, तसं सांगितलंही होतं, ह्याने आदल्या रात्री एक घेतली कारण झोप लागत नव्हती. टेस्टमध्ये हिस्टामीनचा एक थेंब मुद्दाम असतो, त्यावर गांधी यायलाच हवी, ती आली नाही. टेक्निशियन बाईंनी हात बघितला, ह्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, गोळी घेतलीत ना. हा हो म्हणाला. परत पाठवला.

दुसऱ्या वेळी: धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांना डस्ट माइट म्हणतात, 7 मिलिमीटर. गवत 6. एक बुरशी 4. गाजर गवत 3, म्हणजे उंबरठ्यावर. झुरळ निगेटिव्ह, झाडांचे पराग निगेटिव्ह. नुसती गांधी आली म्हणजे त्रास त्याचाच असं नसतं, ती तक्रारीशी जुळावी लागते, आणि इथे वही कामाला आली. डॉक्टरांनी रिपोर्ट आणि वही शेजारी शेजारी ठेवून बोटाने जुळवत नेलं. उठल्यावरच्या शिंका, किडे. आरे, गवत. ट्रेनरची खोली, किडे आणि बुरशी.

छातीसाठी स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकून श्वासाची तपासणी, शिवाय घरी पीक फ्लो मीटर, फुंकरीचा जोर मोजणारी नळी. राइडच्या आधी 550, थांबल्यावर दहा मिनिटांनी 450. म्हणजे 18 टक्के घसरण. स्टॅमिना वगैरे काही गेला नव्हता, श्वासनळ्या आवळत होत्या. ह्याला दमा म्हणायचं का, असं त्याने विचारलं आणि डॉक्टर हो म्हणाले, त्या दिवशी घरी कुणी फार बोललं नाही. आपल्याकडे पंप म्हटलं की माणूस आता कायमचा आजारी असा चेहरा करतात. त्याला बुडेसोनाइड (सूज उतरवणारं) आणि फॉर्मोटेरॉल (नळी उघडणारं) एकत्र असलेला पंप दिला, नुसता निळा पंप नाही, कारण निळा नळी तेवढी उघडतो, आतली सूज तशीच ठेवतो.

2024 चा सीझन

आता प्लॅन. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे 1 सप्टेंबरपासून, त्रास सुरू व्हायच्या आधी, कारण त्याचा पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे लागतात. आम्ही आधी म्हटलं गणपती बसले की स्प्रे सुरू, लक्षात राहायला सोपं, पण गणपतीची तारीख दरवर्षी सरकते आणि गवत पंचांग बघत नाही, पाऊस बघतं. म्हणून कालनिर्णयवर लाल पेनाने एक तारीख. स्प्रे मारायची पद्धतही शिकावी लागली, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं आणि मधल्या पडद्यावर मारा होत नाही. आधी तो सरळ मारून जोरात ओढायचा, सगळं औषध घशात, आणि वर नाकातून रक्त.

गोळी बिलास्टीन, झोप न आणणाऱ्यांपैकी, रिकाम्या पोटी, ज्यूसबरोबर नाही. पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाला रिकामं पोट सोपं, फक्त केळं तासाभराने. डोस वगैरे त्याचे आहेत, आपापल्या डॉक्टरांना विचारा.

रूट बदलला. सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत आरे बंद, येऊर बंद, नॅशनल पार्क बंद. पहाटे पाचला मुलुंड टोलनाक्यावर भेटायचं, हायवेने सायन, तिथून मरीन ड्राइव्ह, तिथे समुद्राचा वारा असला तर अजून बरं, आणि परतताना शक्यतो ऊन चढायच्या आत. म्हणजे ज्या हायवेला आम्ही खलनायक ठरवलं होतं त्याच हायवेवर परत आलो. धूळ चांगली असं मी म्हणत नाहीये, एक्यूआय 200 च्या वर गेला की राइड रद्द हा नियम ठेवलाच होता, पण ह्या माणसाचं नाक गवतावर उठतं ते सिमेंटवर तेवढं उठत नाही, शेजारच्याचं उलट असू शकेल.

मास्क सोडला. त्याऐवजी डोळ्यांना बाजूने बंद असा गॉगल, साध्या पारदर्शक काचेचा, पहाटेसाठी. एवढ्या एका गोष्टीने डोळे निम्मे सुधारले. नाकपुडीच्या कडेला व्हॅसलिनचं बोट, हे त्याला आवडतं, माझा फारसा विश्वास नाही. सुरुवातीची पंधरा मिनिटं अगदी हळू, मग वेग, त्याने छाती कमी आवळते. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी "आली" असं ओरडायचं, पेडल थांबवायचे, ब्रेकला हात लावायचा नाही. ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवणं, बंद, अंतर दोन सायकलींचं. हा नियम माझ्या कोपराने केलाय.

घरी आल्यावर जर्सी थेट मशीनमध्ये, डोकं धुवून आंघोळ, मगच सोफा. हेल्मेटचे पॅड. हे लिहायलाच हवं. मी एकदा ते काढायला लावले, वेल्क्रोवरून सोडवले, आतला स्पंज काळपट आणि वास कुबट, ओल्या पायपुसण्यासारखा. चार वर्षं धुतले नव्हते. रोज कपाळावर, नाकाच्या चार इंच वर. टाकले आणि नवे घेतले, आता दर रविवारी साबणाने धुऊन उन्हात.

गादी गेली. त्यावर घरात मोठा वाद झाला कारण ती सासूबाईंच्या आईने भरून दिलेली, शेवटी कापूस पिंजून दोन छोट्या उशा केल्या आणि त्या कव्हरमध्ये घालून देवघराजवळ, कुणाचंच मन मोडलं नाही. बेडशीट आणि अभ्रे आठवड्यातून एकदा 60 डिग्रीच्या पाण्यात, त्याने किडे मरतात. ओल मात्र तशीच आहे, वरची गच्ची सोसायटीची, आणि सोसायटीची मीटिंग हा स्वतंत्र आजार. ट्रेनर हॉलमध्ये आला. टीव्हीसमोर. वहिनी खूश नाही.

काय झालं

वहीत सप्टेंबर-ऑक्टोबर 2024 चे आकडे बघितले तर रात्रीचा खोकला जवळजवळ शून्य, नाक बहुतेक दिवस एक, पीक फ्लोची घसरण पाच-सहा टक्के. तीन दिवस वाईट गेले. एक घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, साफसफाई, त्याला बाहेर पाठवायचं ठरलं होतं पण माळ्यावरून पेटी उतरवायला तोच लागला. दुसरा, हायवेच्या दुभाजकावर मशीनने गवत कापत होते, आम्ही भांडुपजवळ त्या हिरव्या धुरळ्यात शिरलो, थांबायच्या आत बाहेरही पडलो, तेवढं पुरलं. तिसऱ्याचं कारण सापडलं नाही, वहीत त्यासमोर नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

नोव्हेंबरात 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) केली, साडेतेरा तासांची मर्यादा, हा 12 तास 50 मिनिटांत आला. पंप खिशात होता, एकदा घ्यावा लागला. मी 180 ला पायात गोळे येऊन बसलो होतो, तो विषय इथे नको.

आता इम्युनोथेरपीचं चाललंय, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तेच अगदी थोड्या प्रमाणात वाढवत वाढवत द्यायचं, इंजेक्शन किंवा जिभेखाली थेंब, तीन ते पाच वर्षं. डॉक्टर म्हणतात किड्यांसाठी विचार करण्यासारखं आहे, छाती आधी काही महिने स्थिर राहू दे. मेहुणा खर्चाचा हिशोब करतोय. सासूबाईंचं म्हणणं, पाच वर्षं सुया टोचण्यापेक्षा तो ऑक्टोबरात सायकलच का चालवतो. मागच्या रविवारी हा प्रश्न परत निघाला, त्याने उत्तर दिलं नाही, हेल्मेटचे पॅड वाळलेत का बघायला गॅलरीत गेला.